गॅलरीची भेग

३ फेब्रुवारी
गॅलरीत भेग! भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. केसाएवढी. यांना जाऊन आज दोन महिने — आणि आता हे.

४ फेब्रुवारी
पांडुरंग मिस्त्री येऊन गेले. "भाभी, इथे कपडे वाळत घालू नका." का, ते नीट सांगत नाहीत.

६ फेब्रुवारी
धाकटे दीर योगेंद्रभाऊजी जेवायला होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "दादाने बावीस वर्षं लोकांच्या पुलांच्या सळया बांधल्या, आणि घरचीच गॅलरी फाटली!" मी पोळ्या वाढत राहिले. मला कधीच वेळेवर बोलता येत नाही.

बोलायचं होतं ते हे — यांनीच मला समजावलं होतं. शिळ्या भाकरीचं एक टोक घट्ट धरलं, दुसरं खाली दाबलं. भाकरी वरून तडकली. "बघ नूतन, काँक्रीट दाब झेलतं, ताण नाही. गॅलरी भिंतीतून बाहेर लोंबते, तिचा ताण वरच्या अंगाला. म्हणून सळई वर." एवढं कळणारा माणूस स्वतःच्या घरात चुकेल?

११ फेब्रुवारी
आता भेगेत रेशनकार्डाचा कोपरा जातो.

१३ फेब्रुवारी
मिस्त्रींनी भेगेजवळ फोडून पाहिलं. सळई पार खाली बसलेली! यांचं नाव घेऊन म्हणाले, "भाईदासभाईच्या हातून असं? मन मानत नाही, भाभी. पण समोर आहे." गॅलरी पाडावी लागणार. भाऊजी म्हणाले, "पाहिलंत?"

पाहिलं!

यांच्या हार घातलेल्या फोटोचाही राग आला. चार वर्षांपूर्वी गॅलरीचा स्लॅब भरला त्या दिवशीचा फोटो. एवढे हसलेले दुसऱ्या कशातच नाहीत, म्हणून लेकीने, स्वातीने, निवडला. इथे उधन्यातली आमची सगळी गल्ली यांच्या कामाला नावं ठेवतेय, आणि हे तोंड भरून हसतायत. स्वातीला फोन केला — दुसरा फोटो पाठव, हा नको.

१४ फेब्रुवारी
दुसरा धड फोटो नाही म्हणे. त्याच दिवशीचा पूर्ण फोटो पाठवला. हारासाठी तिने त्यातला फक्त चेहरा घेतला होता.

काँक्रीटचा माल ओतायच्या आधीची गॅलरी. सळयांच्या जाळीवर आम्ही सहा बायका. भिंतीपाशी, मधोमध मी — हातात पूजेचं ताट. हे कडेला, दोन्ही हात वर.

आठवलं. "उतरा खाली! जाळी दबतेय!" मी म्हटलं होतं, "एक फोटो तर काढू द्या." नंतर हे जाळी उचलायला वाकले, तोवर माल येऊन पडला होता.

चार वर्षांत त्याबद्दल एकदाही बोलले नाहीत.

१५ फेब्रुवारी
हाराच्या फोटोत हे हसत नाहीयेत. माझ्यावर ओरडतायत.