बठ्ठी दिखस

४ ऑगस्ट, सोमवार

आज रेवा दिसली!

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे. तीन वर्षांनी माझी नात दिसली मला. संध्याकाळी दुकानाच्या काचेसमोर येऊन उभी राहिली — पाठीवर दप्तर, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर अबॅकसचे क्लास निघालेत, तिथून उतरली. मी आत काउंटरला. हातातली मापाची टेप तशीच धरून राहिले.

तिला मी दिसले नाही. आमची दर्शनी काच रिफ्लेक्टिव्ह आहे. बाहेरून निळा आरसा, आतून सगळा रस्ता दिसतो. आमचा धंदाच काचेचा, भूषणनं स्वतः बसवली होती. "आई, निदान मे महिन्यात तुझं डोकं तरी तापणार नाही," म्हणाला होता. लोक येता-जाता तिच्यात भांग पाडतात, मिशा पिळतात, एक जण तर रोज दात कोरतो. आत बाई बसलीय हे कुणाच्या गावीही नसतं.

थोड्या वेळानं तिची आई, मेघा, स्कूटीवर आली. रस्त्याच्या पलीकडेच थांबली, उतरली नाही. रेवा पळत जाऊन मागे बसली. गेल्या दोघी.

जळगावात अबॅकसचे क्लास काय थोडे आहेत? हाच बरा सापडला हिला!

७ ऑगस्ट, गुरुवार

क्लास सोमवारी आणि गुरुवारी असतो. वरच्या शिपायाला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं.

आज पोरीनं काचेला नाकच लावलं. दोन्ही हात डोळ्यांच्या कडेला, घोड्याला झापडं असतात तसे. नाक चपटं, पांढरंफटक. ओठ हलत होते. आकडे घोकत असेल. काच जाड, एसी चालू — आवाज काही येत नाही. माझ्या खुर्चीपासून चार हातांवर होती. मी वेड्यासारखी हसले आणि मग रडले.

लहान होती तेव्हा भूषणनं टेबलावर काचेचा ताव ठेवला की ही खाली जाऊन बसायची आणि समजायची, आपण लपलो! साध्या, आरपार काचेखाली! वरून मला विचारायची, "आजी, मी दिखस का?" माझं माहेर शिंदखेड्याचं, ही माझ्याच मांडीवर बोलायला शिकली, तिला माझीच बोली आली. मी म्हणायची, "बठ्ठी दिखस!" सगळीच्या सगळी दिसतेस! मग खिदळायची, तोंड झाकायची, पुन्हा विचारायची. शंभरदा तेच. मेघा डोक्याला हात लावायची — "आई, शाळेत हिचं बोलणं कुणाला कळणार?"

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज मंगळवार. मंगळवारी काही नसतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल पोर काचेसमोर उभी असताना मी खुर्चीतून उठले होते. दाराच्या मुठीला हात लावला होता. म्हणून आज सगळं लिहून काढते, म्हणजे पुन्हा पाय घसरणार नाही.

भूषण गेला तेव्हा मेघा एकोणतीसची. तिनं माझ्याशेजारी बसून म्हातारं व्हावं, हे मला बघवेना. स्थळ मीच शोधलं. नवलराव — पहिली बायको आजारात गेलेली, कॉलेजात नोकरी, माणूस सरळ. भाऊबंद म्हणाले, सुनेचं कन्यादान करायला निघाली! निघाले तर निघाले. केलं.

नवलरावांच्या आईनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "पोर धाकली शे. भुली जाई. तुम्ही समोर येऊ नका, बस." पोर लहान आहे, विसरून जाईल, एवढंच. बोलण्यात राग नव्हता. माझ्याच गावाकडची बाई, माझ्याच बोलीत बोलली. पोरीनं नव्या बापाला बाप म्हणायचं तर मागचं दार लावून घ्यायला हवं, हे मलाही पटलं. म्हणाले, नाही येणार.

मागायचं होतं तर दागिने मागायचे, दुकान मागायचं. दिलं असतं हसत.

११ सप्टेंबर, गुरुवार

नशिराबादचे उखर्डूशेठ बंगला बांधताहेत. रस्त्याकडची सगळी भिंत आरशाच्या काचेची हवी. "अक्का, आम्ही आतून बठ्ठं बघू, आमचं कोणालाच काही दिसायचं नाही!" खूश होती स्वारी. मी नेहमीचं सांगितलं — शेठ, ही काच मालकाची नसते, उजेडाची असते. जिकडे उजेड जास्त, तिकडचा माणूस दिसतो. दिवसा तुम्ही लोकांना बघाल, घरात दिवे लागले की लोक तुम्हाला. पडदे लावा. हिरमुसले बिचारे.

साइट बघायला चला म्हणाले. मी असलमभाईंना पाठवलं. आमचे जुने कारागीर, भूषणच्या वडिलांपासूनचे. नशिराबादच्या हायवेला मी जात नाही. भूषणची मोटरसायकल तिथेच गेली ट्रकखाली.

रेवा आली होती. आज लाल रिबिनी.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दात आला! तोंड वासून काचेसमोर उभी राहिली, बोटानं ओठ वर केला. मला दाखवायलाच आल्यासारखी! अगं वेडे, स्वतःचा स्वतःला बघत होतीस, मला माहीत आहे.

दुपारी एका गिऱ्हाइकाशी वाजलं. बाथरूमच्या पार्टिशनचं माप त्यानं स्वतः दिलं, काच एक सूतभर मोठी निघाली. म्हणे, "घासून द्या थोडी." अहो, टफन काच आहे! भट्टीत जाण्याआधी काय कापायचं ते कापा. एकदा भट्टीतून निघाली की तिला ना कापता येतं ना घासता. हात लावला तर सगळीचा भुगा. असलमभाई मागून म्हणाले, "भाभी, माप देनेवाला सोच के दे ना!"

मी मात्र त्या वेळी भलताच विचार करत बसले. शब्द दिला तेव्हा मी तरी कुठं माप नीट घेतलं होतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीनंतरचा पहिला क्लास. आणि घात झाला.

दिवस लहान झालेत, हे माझ्या लक्षातच नाही! सहाला बाहेर काळोखी आलेली आणि दुकानात लख्ख ट्यूबलाइट. मान वर केली तर रेवा समोर. हात डोळ्यांना लावलेले नाहीत, नाक टेकवलेलं नाही. सरळ उभी आणि सरळ माझ्याकडे बघतेय. मी दुसऱ्यांना शिकवते आणि स्वतः उजेडात बसले!

तिनं एक हात वर केला, केसांतली क्लिप सावरायला. मी धडपडत उठले आणि बटण बंद केलं. मग अंधारात उभी राहून बघितलं. ती हात तसाच वर धरून उभी होती. मेघानं हॉर्न दिला तेव्हा गेली.

दिसले का मी तिला? दिसले असेन तर ओळखलं नाही. हाक नाही, हसू नाही. रस्त्यावरची कुणी बाई दिसावी तसं बघत राहिली. नवलरावांची आई म्हणाली तसंच झालं. भुली गयी.

बरंच झालं की! हेच तर हवं होतं सगळ्यांना. मग जेवण का जात नाही?

३० ऑक्टोबर, गुरुवार

आता पावणेसहालाच ट्यूबलाइट बंद करते. असलमभाई म्हणाले, "भाभी, अंधेरे में गिऱ्हाईक को क्या दिखेगा?" म्हटलं, बिल वाचतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाहेर बघितलं आणि टेप गुंडाळायला लागले. रेवाला त्यांनीही कडेवर खेळवलंय.

१० नोव्हेंबर, सोमवार

पोर हल्ली काचेसमोर फार थांबत नाही. येते, नाक लावते, हातांची झापडं करते, इकडून तिकडून बघते. काचेवर दोन टिचक्या मारते आणि पायरीवर जाऊन बसते. आरशाचा कंटाळा आला असेल. वाढत्या वयात असं व्हायचंच.

मी अंधारात बसून असते. भूषण असता तर म्हणाला असता, आई, हे काय भुतासारखं!

२० नोव्हेंबर, गुरुवार

नुसती पाठ दिसली आज. पायरीवर बसून होती.

४ डिसेंबर, गुरुवार

थंडी पडलीय. रेवा स्वेटर घालून आली. आज मात्र बराच वेळ काचेला चिकटून होती. नाक, कपाळ, दोन्ही तळवे. ओठ हलत होते, पुन्हा पुन्हा तेच काहीतरी. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरायची आणि विरायची. मेघा स्कूटीवरून उतरली, पहिल्यांदाच. पलीकडे उभी राहिली, घाई केली नाही, हॉर्न दिला नाही. मग रेवाच गेली आणि आईच्या पोटात तोंड खुपसलं.

परीक्षेत मार्क कमी पडले असतील. कुणी मारलं तर नसेल ना शाळेत? विचारणार कुणाला.

८ डिसेंबर, सोमवार

आली नाही.

असलमभाई पण नाहीत. नाजमीनचं, त्यांच्या मुलीचं, बाळंतपण आहे धुळ्याला, शुक्रवारी पहाटेच तिकडे गेलेत. दुकानात मी एकटीच.

११ डिसेंबर, गुरुवार

आली नाही. आजारी असेल.

१३ डिसेंबर, शनिवार

वरच्या शिपायानं सांगितलं. "ती दोन वेण्यांची ना? तिच्या पप्पांना शिरपूरच्या कॉलेजात चांगली जागा मिळाली. गेले ते लोक. चार तारखेला शेवटचा क्लास होता तिचा, पेढे वाटले की."

चार तारखेला. निरोप घ्यायला आली असेल आपल्या आरशाचा. मी समोर होते आणि मला काही कळलं नाही.

सुखी राहा बाई. आजी आठवत नाही तेच चांगलं. आठवली असती तर जाताना रडली असतीस.

१४ डिसेंबर, रविवार

आज दुकान बंद, पण काच फारच मळलेली म्हणून फडकं घेऊन बाहेर गेले. रोज सकाळी असलमभाईच पुसतात, मला कधी वेळच आली नाही. खालच्या बाजूला दोन छोटे तळवे उमटलेले आणि मध्ये नाकाचा ठिपका. पुसवेना. एवढी वर्षं काच विकतेय, पण स्वतः बाहेर उभं राहून आत कधी बघितलंच नव्हतं. मी कायम आतलीच.

गुडघे टेकले. तिच्या तळव्यांवर माझे हात ठेवले, तिच्या ठिपक्यावर नाक. हात तिच्यासारखेच डोळ्यांच्या कडेला वळवले, बाजूचा उजेड अडला आणि आरसा गेला. आतला दिवा मी मघाशीच लावला होता. माझी खुर्ची दिसली. काउंटर, टेप, भूषणचा फोटो, त्यावरचा हार. भरदिवसा. सगळं.

पहिल्या आठवड्यापासून दिसत होते मी तिला. दात मला दाखवला. हात मला केला. आणि मी दिवा बंद केला. ते ओठ आकडे घोकत नव्हते गं! पोर विचारत होती, मी दिखस का, आणि मी अंधारात बसून गप्प.

शब्द मी दिला होता. रेवानं नव्हता दिला.

सकाळच्या एसटीनं शिरपूरला निघते. नवलरावांच्या आईला काय बोलायचं ते बोलू दे. पोरीला उत्तर देऊन येते — बठ्ठी दिखस.