कुंकू लागलेला परवाना

॥ श्री ॥
सांगली, ता. २८ ऑक्टोबर १९४६

तीर्थरूप दादांचे सेवेशी,
बालके विजयमालेचे शि. सा. नमस्कार वि. वि.

परवा भाऊबीज झाली. सकाळपासून पाट मांडून ठेवला होता. सकाळच्या गाडीची माणसं घरोघर गेली, दुपारच्या गाडीचीही गेली, तुमचा पत्ता नाही. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात म्हणे. मी भाऊ असून ओवाळलं. शेजारच्या सुलाबाईंनी खिडकीतून पाहिलं, तेव्हा मला रडू आलं ते आलंच.

वाटेत कुठं शिपाई दिसला आणि तुम्ही त्याला परवाना दाखवत बसलात की काय? वाडीवर दरोडा पडल्यापासून पिस्तूल घेतलंत, ते बरं केलंत. पण दसऱ्याला मी म्हटलं होतं, सदऱ्याखाली घाला, तर म्हणालात, झाकलेलं हत्यार चोराचं. पट्ट्याला बाहेर लटकवायचं आणि पोलीस दिसला की त्यानं विचारायच्या आत सलाम ठोकून कागद पुढं करायचा! बाजारातला हवालदार हल्ली तुम्हाला पाहून वाट बदलतो, असं वहिनी सांगत होत्या.

घरी सगळी बरी आहेत ना? दोन ओळी तरी लिहा. वहिनींना नमस्कार. रागावले असले तरी लोभ आहेच, तुमचाही असू द्यावा.

आपली,
विजयमाला

॥ श्री ॥
मु. पो. कोरेगाव, ता. २ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. विजयमालेस हंबीररावाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. भाऊबिजेस येणे झाले नाही, त्याचे कारण ताप. तसा फार नव्हता, पण होता. दोन दिवस अंथरुणावर होतो. आता ठणठणीत आहे. काळजी नसावी.

पिस्तूल सध्या घरात नाही, साफसफाईस दिले आहे. तू इकडे येण्याची घाई करू नकोस. मार्गशीर्षात ये. जावईबापूंस नमस्कार. चंद्राला ओवाळलेस हे वाचून बरे वाटले नाही. बहिणीची माया कमी होऊ देऊ नये.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
कोरेगाव, ता. ७ नोव्हेंबर १९४६

सौ. वन्संस्नी मनुबाईचा नमस्कार.

हे पत्र नियाज शिंप्याच्या अख्तरबीकडून लिहून घेतीया. ह्यांस्नी ठावं न्हाई. वन्सं, ताप-बीप काय बी न्हवता. ते भाऊबिजंला तुमच्याकडंच निघालं हुतं. नवा पटका, पट्ट्याला पिस्तूल, पिशवीत तुमचं लुगडं. ठेसनावर नवीन फौजदार हुभा हुता. ह्यांचं तुमाला ठावंच हाय, त्यानं इचारायच्या आदीच सलाम करून परवाना फुडं केला. स्वतः उघडून बघितला बी न्हाई.

फौजदारानं घडी उघडली तर कागद लालभडक. नंबर दिसंना, कवापतूर चालतो ती तारीख बी दिसंना.

वन्सं, खंडेनवमीची याद करा. मी बाजूला बसल्याली, म्हून हत्यारांची पूजा तुमी केली. पिस्तुलाशेजारी ह्यांनी परवाना बी पाटावर ठेवला हुता. तुमी तेलात कालवून कुकू लावलं आन् वल्लंच असताना घडी घालून ह्यांच्या खिशात घातलं.

फौजदाराला वाटलं, मुदत संपल्याली तारीख मुद्दाम झाकली. दिवाळीची कचेरी बंद, रजिष्टर कोण बघणार? पिस्तूल काढून घेतलं, दोन दिस ह्यांस्नी कोठडीत ठिवलं. नियाजभाईनं जामीन भरला. मागनं रजिष्टर बघितलं, मुदत हाय. तितं मिटायचं, तर फौजदारानं इचारलं, कुकू कुणी लावलं? हे म्हनालं, मीच. फौजदार म्हनला, कुकवाचं बोट बाईचं हाय, तुजा आंगटा केवडा आन् हे बोट केवडं. खोटं का बोलतुयास? तरी हे मीच म्हनत ऱ्हायलं. लगीन झाल्याल्या बहिणीचं नाव पोलिसाच्या वहीत न्हाई घालणार, असं मला म्हनलं.

आता १८ तारखंला साताऱ्याला प्रांतसायबापुढं जायाचं हाय. खोटं बोलणाऱ्याच्या हातात हत्यार न्हाई ठेवत म्हनं. पिस्तूल गेलं तर जाऊ दे, पन गाव म्हनंल पलटणीतल्या जमादारानं सरकारी कागद खोटा केला. हे चार दिस झालं जेवत न्हाईत. हे जन्मात एकदाच खोटं बोललं, ते बी धड जमलं न्हाई. आता तुमीच काय ते बगा.

मनुबाईचा नमस्कार घ्यावा.
(वहिनी बोलल्या तसंच लिहिलं आहे. अख्तर.)

॥ श्री ॥
सांगली, ता. ११ नोव्हेंबर १९४६

ती. दादांस सा. न. वि. वि.

ताप आला होता ना? तो मी लावला होता, तेलात कालवून.

वहिनींवर रागावू नका. आम्ही दोघं १७ ला साताऱ्यास पोहोचतो. कचेरीत बाईनं जाऊ नये, असं आधी हेही म्हणाले. मग मी विचारलं, माझा भाऊ माझ्यापायी कोठडीत बसलेला चालतो का? ते उठून ट्रंक काढायला गेले.

लहानपणी मी आपल्या तात्यांचा चष्मा फोडला, तेव्हाही तुम्ही मीच म्हणालात आणि वेताचा मार खाल्लात. मी दाराआड उभी राहून पाहिलं. तेव्हा सात वर्षांची होते, गप्प बसले. आता बत्तीस वर्षांची आहे. येऊ नकोस असं पत्र पाठवाल तर पोस्टमनला दारातूनच परत पाठवीन.

पोटभर जेवा. भेटीअंती बाकीचं भांडण.

विजयमाला

॥ श्री ॥
कोरेगाव, ता. २२ नोव्हेंबर १९४६

चि. सौ. विजयमालेस अनेक उत्तम आशीर्वाद वि.

तुम्ही सुखरूप पोहोचल्याचे कार्ड आले. कचेरीत तुझ्यासमोर मला बोलता आले नाही, म्हणून लिहितो.

सरकारी कागदाला कुंकू का लावले असे साहेबांनी विचारले, तेव्हा तू म्हणालीस की, कागदाशिवाय पिस्तूल बाळगणारा दरोडेखोर, असे दादाच सांगतो. मग अब्रू राखतो तो कागद, त्याला पहिला मान नको का? कारकून तोंडावर फाईल धरून हसले. मला मात्र हुंदका आला. पलटणीबरोबर इराकच्या लढाईत होतो, तिथेही आला नव्हता. मग साहेबांनी शाईचा ठसा तुझ्या बोटाचा घेतला नाही, सही घेतली. तुझे नाव वहीत येऊ नये म्हणून मी एवढा आटापिटा केला आणि तू ते ठळक, रेघ मारून लिहिलेस.

साहेब मला नंतर म्हणाले, जमादार, ताकीद देतो, पुन्हा खोटे बोलू नका, तुम्हाला येत नाही. नवा परवाना काल मिळाला, पिस्तूलही परत मिळाले.

कचेरीच्या आवारात लिंबाखाली तू पिशवीतून ताम्हण काढलेस. तीन आठवड्यांनी भाऊबीज! वाऱ्याने निरांजन विझू नये म्हणून त्याच फौजदाराने टोपी आडवी धरली. त्याची बहीण धारवाडकडे असते, दोन वर्षे भेट नाही म्हणाला. त्यालाही तू ओवाळलेस, ते फार चांगले केलेस.

नवा कागद खिशात असतो. आता दाखवण्याआधी मी स्वतः उघडून पाहतो. जुना साहेबांनी आडवी रेघ मारून मला परत दिला. तो देव्हाऱ्यात ठेवला आहे. मनुबाई रोज त्याला फूल वाहते, मी हटकत नाही.

पुढच्या खंडेनवमीला ये. त्या जुन्या कागदाला हवे तेवढे कुंकू लाव. फुले वाहताना तुझ्या बोटाएवढी जागा मोकळी ठेवायला मी मनुबाईला सांगितले आहे.

तुझा,
दादा