मिरच्यांच्या दुकानातला शर्ट

मंगळवार, संध्याकाळ

माझा खोकला यांच्या शर्टामुळे नव्हताच. मंडईजवळ यांचं मिरच्यांचं दुकान, म्हणून महिनाभर मी यांना दाराबाहेरच शर्ट बदलायला लावला. आज डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला. स्तनातल्या गाठीवर तीन महिन्यांपूर्वी किरणं दिली, ती मागच्या चांगल्या फुफ्फुसालाही लागली. तिथे सूज आहे. गोळ्यांनी उतरेल, थोडा वण राहील. गाठ परत आलेली नाही. चांगल्या फुफ्फुसाचा दोष काय? वाटेत होतं, एवढाच. शर्टाचंही तेच.

हे आले, बाहेरच शर्ट काढू लागले. म्हटलं, "अहो, आत या. मिरचीचा खोकला नव्हता."

"माहीत होतं. तीस वर्षं मिरच्यांत बसतोय, मला कुठे खोकला आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"मिरचीवर चिडत होतीस, तोवर घाबरत नव्हतीस."