टर्बोने घेतलेल्या अक्षता

हॅरो,
बुधवार, ऑक्टोबर २००४

तीर्थरूप मोहनमामांस,

शशिधरचा नमस्कार घ्यावा. तोही वाकून, कारण सध्या ताठ उभं राहण्यासारखी परिस्थिती नाही. तुमचा गुडघा कसा आहे? नॉटिंगहॅमला आमच्या आधी थंडी पडते, तेव्हा जपून असा. हॉस्पिटलच्या ड्यूटीमुळे तुम्ही आमच्या वर्कशॉपच्या उद्घाटनाला येऊ शकला नाहीत, याचं मला रविवारी सकाळी वाईट वाटलं होतं. रविवारी दुपारपासून वाटत नाही. इकडे आम्ही सर्व कुशल आहोत. (हे वाक्य पत्रात घालायचं असतं म्हणून घातलं आहे.) पुढे जे लिहितो ते फोनवर बोलण्यासारखं नाही, आणि मामींना त्यातलं काहीही कळता कामा नये.

मामींनी तुम्हाला वर्कशॉपचं वर्णन केलं असेल. त्यात झुंबर असल्यास ते आमचं नाही. शेजारचा गाळा लग्नाच्या मांडवाचं सामान भाड्याने देणाऱ्यांचा आहे आणि त्यांचा माल आमच्या दारापर्यंत येतो. आमच्याकडे दोन लिफ्ट आहेत, एक किटली आहे आणि जमिनीत बसवलेला रोलिंग रोड आहे. म्हणजे मोठे रूळ. गाडीची चाकं त्यांवर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी जखडायची आणि जागच्या जागी पूर्ण वेगाने पळवायची. इंजिनाची ताकद किती, ते पडद्यावर दिसतं. मग मी लॅपटॉप लावून ती वाढवतो. (एवढा वेग काढायला या देशात रस्ता मोकळा कुठे असतो, असं तुम्ही विचाराल. नसतो. पण तुमच्याकडेही पोट ठीक असताना तपासून घ्यायला येणारे असतीलच.) माझा भागीदार सॉलोमन तुम्हाला आठवत असेल. भायखळ्याचा, घरात मराठी बोलत वाढलेला ज्यू. इंजिनाबाहेरच्या जगाविषयी त्याचं मत वाईट आहे आणि इंजिनांविषयीही फारसं बरं नाही.

क्रॉयडनच्या विमा कंपनीतली नोकरी मी सोडली, तेव्हापासून मामी माझ्याशी बोलत नव्हत्या, हे तुम्हाला माहीत आहे. नोकरी वाईट नव्हती. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो पाहायचे, सोबतची हकिकत वाचायची आणि तिच्यात खोटं कुठे आहे ते शोधायचं. मामींच्या मते पेन्शन असलेला माणूस एका टेबलाशी म्हातारा होतो आणि तेच योग्य. ज्या बाईने मला तुमच्या घरी ठेवून शिकवलं, ती दिवाळीच्या फोनवर नुसतं ‘देते ह्यांना’ म्हणायची. म्हणून उद्घाटनाला त्या एकट्या ट्रेनने आल्या, सेंट पँक्रसहून मेट्रोपॉलिटन लाइन पकडून, हातात पूजेचं ताट घट्ट बांधलेली पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मी हातातला पाना तसाच धरून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, “बघत काय उभा आहेस? पाणी दे.” आमचा समेट एवढाच.

मुहूर्ताचा घोळ त्याआधीच झाला होता. मामींच्या गुरुजींनी शनिवार सांगितला. शनिवारी सॉलोमन पान्याला हात लावत नाही. त्यांचा तो विश्रांतीचा वार, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून धरलेला. मामी फोनवर माझ्याऐवजी बायकोला, सुप्रभाला म्हणाल्या की त्याने नुसतं उभं राहावं, हात कुणी लावायला सांगितलंय? (सुप्रभाने हे माझ्यापर्यंत पोचवलं, मी सॉलोमनपर्यंत. त्याने उभं राहण्यालाही नकार दिला.) शेवटी रविवार ठरला. रविवारचा मुहूर्त मध्यम होता. मध्यम मुहूर्ताला मामींकडे एक उपाय असतो, तो म्हणजे सगळं जास्त वाहायचं. जास्त फुलं, जास्त कुंकू, जास्त अक्षता. बॉनेटवर स्वस्तिक काढू नका, एवढं मी त्यांना आधीच विनवलं होतं (इथे ते पाहून गुरुजी येत नाहीत, पोलीस येतात), आणि त्यांनी ते ऐकलं. मला वाटलं, संकट टळलं.

आता एलियट. हा गृहस्थ वॉटफर्डला दातांचा डॉक्टर आहे आणि आमच्या भागातल्या वेगवान गाड्यांच्या क्लबचा अध्यक्ष. त्याने मान डोलावली तर क्लब आमच्याकडे येईल. नाही डोलावली तर आम्ही मांडववाल्यांना गाळा देऊन घरी जाऊ. उद्घाटनाला पहिली गाडी त्याची होती, क्लबचे लोक चहा घेऊन भिंतीशी उभे होते. गाडीत नवा एअर फिल्टर बसवायचा होता. जुना मी काढून ठेवला होता आणि इंजिन गरम व्हावं म्हणून मंद चालू ठेवलं होतं. फिल्टर काढला की मागे टर्बोचं तोंड उघडं राहतं. आत एक पंखा असतो, त्याची पाती नखासारखी पातळ, आणि तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. फिल्टर नसताना तिथे कुणी जाता कामा नये. हे मी सॉलोमनला सांगितलं, क्लबच्या लोकांना भिंतीशी जाऊन इंग्रजीत सांगितलं. मामींना सांगितलं नाही. त्या ताट घेऊन उभ्या होत्या आणि ताट घेतलेल्या बाईला मागे हो म्हणायची सवय मला तुमच्या घरी लागलेली नाही.

एलियटने बूट काढायचे का विचारलं. मामींनी त्याच्याच कपाळाला आधी कुंकू लावलं, मग गाडीच्या. फुलं वाहिली. मग अक्षतांची मूठ भरली आणि इंजिनावर हात नेला. तिथे त्यांना हवेची ओढ लागली. मामा, पूजेत नैवेद्य तोंडाशी नेतात. त्यांना तोंड सापडलं होतं, आणि ते श्वास घेत होतं. त्यांनी मूठ उघडली.

अक्षता हातातून आपण होऊन आत गेल्या. मामी थक्क होऊन म्हणाल्या, “अगं बाई, घेतल्या की! ओढून घेतल्या!” आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. क्लबने टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी एलियटची. सॉलोमनने हसत हसत खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. मी त्याला ओळखतो. तो हसत नसतो.

आता रूळ फिरवून दाखवायची वेळ होती आणि सगळे वाट पाहत होते. मी काही बोलणार, तेवढ्यात सॉलोमनने एलियटच्या खांद्यावर हात ठेवून इंग्रजीत सांगितलं की आमच्यात पूजा झालेलं यंत्र लगेच चालवत नाहीत. ते विश्रांती घेतं. जुनी चाल आहे. (खंडेनवमीला हत्यारं पुजून बाजूला ठेवतात, हे त्याने भायखळ्याला शेजारी पाहिलं होतं. एका रात्रीची विश्रांती त्याने शुक्रवारपर्यंत वाढवली.) एलियट भारावला. क्लबपैकी एकजण म्हणाला, हे फार सुंदर आहे. मामींना इंग्रजी समजतं. हे सॉलोमनला मीच शिकवलं असं समजून त्या माझ्याकडे पाहून कौतुकाने म्हणाल्या, “तुला एवढं सगळं ठाऊक आहे, हे मला माहीत नव्हतं हो शशी.”

सगळे गेल्यावर मी आणि सॉलोमनने नळ्या काढल्या. तांदूळ निघाले. पहिल्या नळीत निघाले, पुढच्या कूलरच्या तळाशी निघाले, लाल, हसरे. टर्बोचा पंखा बाहेर काढला, तर एका पात्याची कड चिमटीएवढी वाकलेली. तांदळाने वाकली की आधीच्या एखाद्या खड्याने, हे कुणीच सांगू शकत नाही. सॉलोमन म्हणतो, तांदूळ मऊ. मी म्हणतो, तुझ्या बायकोचा भात मऊ. हे तांदूळ आहेत. आणि सगळे निघाले की काही इंजिनात पोचले, तेही कळत नाही, कारण मामींच्या मुठीत किती मावतात हे आम्हाला माहीत नाही. आमच्या मुठी भरून पाहिल्या. सॉलोमनच्या मुठीने निम्मे तांदूळ इंजिनात आहेत. माझ्या मुठीने एकही नाही.

कड घासून सरळ करता येईल. गाडी परत देता येईल. ती धावेलही, कदाचित खूप वर्षं. किंवा रुळांवर पहिल्याच वेगाला पातं तुटून इंजिनात जाईल. अशा गाड्यांचे फोटो मी क्रॉयडनला रोज पाहिले आहेत. त्यांच्यासोबत नेहमी एक नीट लिहिलेली हकिकत असते आणि तिच्यात कुणाचाच दोष नसतो. ती हकिकत आता मी मनात लिहितो आहे, आणि चांगली लिहितो आहे, याची मला भीती वाटते. पण एलियटला खरं सांगितलं तर क्लबला कळेल, क्लबपासून हॅरोला, हॅरोपासून महाराष्ट्र मंडळाला, मंडळापासून मामींना. मामी सध्या मंडळात सगळ्यांना सांगताहेत की यंत्राने त्यांच्या हातून घेतलं. माझ्याशी रोज फोनवर बोलताहेत. काल तर जेवलास का विचारलं.

एलियट शुक्रवारी गाडी न्यायला येणार आहे. सॉलोमन म्हणतो, “सांगून टाक. पण माझ्यासमोर नको, खोटं मी बोललोय.” तुम्ही तब्येतीला जपा. मामींना नमस्कार सांगा. बाकी काही सांगू नका.

आपला,
शशिधर

ता. क. पत्र लिहायचं मूळ कारण राहिलंच. पोटात घालून पाहायची ती दुर्बिणीची नळी तुमच्याकडे असते. एखादी जुनी, निवृत्त झालेली असेल, तर दोन दिवस मिळेल का? नीट धुऊन परत देईन. हॉस्पिटलला पेशंट कोण म्हणून सांगायचं, ते तुम्ही ठरवा.

ता. क. (शुक्रवार, दसरा.) पत्र टाकायचं राहिलं. नळीची गरज उरली नाही. एलियट दुपारी आला. सॉलोमन घड्याळाकडे न बघता म्हणाला, “सूर्य मावळायच्या आत मला घरी पोचायला हवं,” आणि गेला. (बाहेर ऊन होतं.) मी एलियटला पंखा दाखवला आणि सगळं सांगितलं. फिल्टर कुणी काढला होता तेही सांगितलं. त्याने पंखा बोटाने हळू फिरवला, दात पाहावा तसा पाहिला. मग त्याने विचारलं, “आणि ती विश्रांती?” मी म्हणालो, ती चाल खरी आहे, पण त्या दिवसाची नव्हती, आणि शुक्रवारपर्यंतची तर नव्हतीच. तो म्हणाला की क्लबमधल्या दोघांनी आपल्या गाड्या आठवडाभर गॅरेजमध्ये निजवून ठेवल्या आहेत, आणि तसं करायला त्यांना आपणच सांगितलं होतं. तांदळाचं त्याला काही वाटलं नाही. त्याचं वाटलं.

टर्बो नवा बसवायचा, इंजिनात हवा नेणारं मॅनिफोल्ड उतरवून आतून साफ करायचं, हे मी कबूल केलं. येत्या रविवारच्या क्लबच्या मेळाव्याला अध्यक्ष बायकोच्या छोट्या गाडीतून जाणार. दारात थांबून तो म्हणाला की गाडी इथेच ठेवतो, पण पुढच्या रविवारी इंजिन सुरू करताना त्या बाई हजर हव्यात. का, असं मी विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी इथे खोटं न बोललेल्या त्या एकट्याच होत्या. त्या उभ्या असतील तर येईन.

तेव्हा मामा, मामींना सांगावं लागेल. रोज लोकांना वाईट बातमी द्यायचं काम तुमचं आहे. मला ते एकदाच जमलं, तेही इंग्रजीत.

ता. क. मामी, घरचं टपाल मामा उघडत नाहीत, तुम्ही उघडता, हे मला माहीत आहे. तुम्हाला सरळ लिहायचा धीर झाला नाही म्हणून त्यांना लिहिलं. यंत्राने घेतल्या नाहीत. त्याने सगळंच ओढलं असतं. तुम्ही योग्य तेच केलंत, उघडं तोंड मी ठेवलं होतं. आता पुन्हा बोलणं बंद करायचं असेल तर करा, मात्र पुढचा रविवार होऊ द्या. दहाच्या सुमाराला इंजिन सुरू करायचं आहे. तुम्ही यायला हवं. बोलला नाहीत तरी चालेल. ताट नको. तांदूळ आणायचेच असतील तर शिजवून, डब्यातून आणा. एलियटही जेवायला थांबेल, असं वाटतं.