दंगलीची मदत आणि तुझा उजवा हात

बाबा, परवा टीव्हीवर कुठल्याशा हल्ल्यातल्या जखमींना सरकारी मदत जाहीर झाली आणि मी उठून टीव्हीच बंद केला. मुलगा ओरडला, "अगं आई, बघतोय ना मी!" त्याला काय सांगणार? जाहीर होणं आणि हातात पडणं यांच्यामध्ये केवढी खाडी असते ते त्याला माहीत नाही. मला आहे, आणि इतक्या वर्षांनीही ते आठवलं की डोकं तापतं.

दंगलीच्या त्या दिवसांत तू जाळ्याचं सूत आणायला माजिवड्याला निघालास. आई नको म्हणत होती. "माज्याशी कोनाचा काय वैर?" म्हणत तू सायकल काढलीस. वाटेत जमावातल्या कुणीतरी कोयता चालवला, तू हात आडवा धरलास आणि उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. मारणारा कोण हे ना तुला कळलं, ना पोलिसांना. औषधपाण्यापायी होडी गहाण पडली. मग सरकारने मदत जाहीर केली, मेलेल्यांच्या घरच्यांना आणि कायमचं अपंगत्व आलेल्यांना. तुझा एकच घोष सुरू झाला, "पैसं येतील, होरी सोरवू."

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आपण सिव्हिल हॉस्पिटलात गेलो. मी कॉलेजात जाणारी, म्हणून कागद माझ्याकडे. वाटेत तुला पढवलं होतं, विचारलं तर काम होत नाही म्हणून सांग. डॉक्टर भला माणूस. त्याने हात उलटासुलटा पाहिला आणि सहज विचारलं, "मामा, जाळं विणता येतं का आता?" झालं! तू खिशातून जाळं विणायची लाकडी सुई काढलीस. चप्पल सोडून सूत पायाच्या बोटांत अडकवलंस, सुई अंगठा आणि करंगळीत धरलीस, गाठ दातांनी ओढलीस आणि जाळ्याचे चार आस, चार घरं, त्याच्यासमोर विणून दाखवलेस. "येतंय तं! हलू येतंय, पन येतंय." त्याने शेजारच्या डॉक्टरलाही बोलावलं. "शाब्बास, मामा!" तू लाजलास. आपल्या आळीत हात थरथरणारा म्हातारासुद्धा मला येत नाही असं म्हणत नाही, मग तू कसा म्हणणार होतास? दाखल्यावर लिहिलं गेलं, नेहमीचं काम करू शकतो.

काय करू शकत होतास, बाबा? दारात बसून चार आस विणणं वेगळं आणि ओहोटीच्या धारेत भरलेलं जाळं होडीत ओढून घेणं वेगळं. ते त्यांनी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. पुढे मी चपला झिजवल्या. तहसील कचेरीत जावं तर साहेब दौऱ्यावर, साहेब भेटले तर म्हणणार हॉस्पिटलात जा, हॉस्पिटलवाले म्हणणार दिलेला दाखला बदलत नाही. मी चिडून म्हटलं, "परत जाऊ, या वेळी जरा रड त्यांच्यापुढे." तू म्हणालास, "मी भिकारी हाय काय गो?" त्यावर मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. शेवटी होडी गेलीच. तू कोलशेतच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झालास आणि खुर्ची नेहमी खाडीकडे पाठ करून टाकायचास. मला राग सरकारचा होता की तुझा, हे आजही धड सांगता येत नाही.

पण लिहायला बसले ते कचेरीतल्या शेवटच्या खेपेसाठी. तेव्हा तू माझ्यासोबत आला होतास. कारकुनाने दाखला वाचला, तुझ्या हाताकडे पाहिलं आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "ताई, अंगठा गेला असता ना, तर काही प्रश्नच नव्हता. तीन बोटांत नाही बसत हो." परतीच्या बसमध्ये तू माझ्यासाठी खिडकीची जागा धरलीस. कंडक्टर आला तेव्हा तळहातावरची नाणी तू त्या अंगठ्याने एकेक करून पुढे सरकवत होतास. मी बघत होते. आणि बाबा, माझ्या मनात आलं, कोयता जरा अलीकडे पडायला हवा होता.

तेवढ्यात तू विचारलंस, "भूक लागली काय गो?" मी नाही म्हटलं आणि बाहेर बघत बसले. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून एवढं तरी लिहिता आलं.