न दिसलेल्या धबधब्याचा वृत्तांत

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
बुधवार

प्रिय करीमभाईंस,

बद्रीनाथचा नमस्कार आणि अनवरीभाभींना सलाम. तुमचा गुडघा, भाभींची साखर आणि फर्दापूरच्या तुमच्या दुकानापुढचं आपलं बाकडं, तिन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा करतो. (फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला खरं बोलता येत नाही.)

परवा परदेशातून सुखरूप परतलो. मोनिकानं, म्हणजे तुमच्या लाडक्या मोनीनं, मला कोपनहेगनहून विमानात घालून फॅरो नावाच्या बेटांवर नेलं होतं. घरांच्या छपरांवर गवत आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. तीन दिवस बरे गेले. शेवटचा दिवस तिनं मुद्दाम राखून ठेवला होता. कड्यावरून थेट समुद्रात उडी घेणारा धबधबा बाबांना दाखवायचा, हे म्हणे तिचं लग्नाआधीपासून ठरलेलं. नेमका त्याच दिवशी पाऊस आला. आपल्याकडचा पाऊस वरून पडतो, एवढी तरी त्याला रीत आहे. तिथला आडवा येतो. मी गुलमंडीतून घेतलेली छत्री मोठ्या ऐटीत उघडली. (मोनी नको म्हणत होती. पण एकतीस वर्षं अजिंठ्याला गाईडगिरी केलेल्या माणसाला पावसातलं कोण शिकवणार?) छत्री आधी उलटी झाली, मग काड्या उरल्या, मग नुसता दांडा. तो मी शेवटपर्यंत हातात धरून होतो, कारण टाकून दिला असता तर मोनीचं बरोबर ठरलं असतं.

कड्यावर पोचलो तर वर पांढरं, खाली पांढरं, समोर पांढरं. धबधब्याचा आवाज तेवढा येत होता. आमची गाईड, साठीची धिप्पाड बाई, केसांतून पाणी निथळत असताना प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाली की तुम्ही भाग्यवान आहात. उन्हात काय कोणीही बघतं, असा दिवस फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

करीमभाई, माझ्या अंगावर काटा आला. हे वाक्य माझं आहे! जुलैत वाघूर नदी दुथडी भरून वाहायची, लेण्यातले दिवे गेलेले असायचे, आणि मी अंधारात चाळीस भिजलेल्या लोकांना अगदी हेच सांगायचो. तुम्ही मागून म्हणायचात, "बद्री, खुदा से डर." (न दिसलेल्या चित्रांची पोस्टकार्डं त्याच लोकांना तुम्हीच खपवायचात, तेव्हा ते भय आपण निम्मं निम्मं वाटून घेऊ.) एक जर्मन आजीबाई आठवतात का? त्यांचाही शेवटचाच दिवस होता. मी न दिसणाऱ्या पद्मपाणीच्या डोळ्यांचं पाऊण तास वर्णन केलं आणि वर टाळ्या वाजवायला लावल्या. त्या बाई मला कड्यावर फार आठवल्या.

मोनीचा चेहरा पडलेला. मग मी माझी विद्या बाहेर काढली. "दिसला, दिसला! तो बघ डावीकडं, काय धार हाय!" असं ओरडत छत्रीचा दांडा धुक्यात रोखला. पाच-सहा गोरी माणसं तिकडं धावत जाऊन फोटो काढू लागली. (गाईडबाईनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की धबधबा उजवीकडं आहे.)

मोनी हसली नाही. म्हणाली, "बाबा, लेणी पण अशीच दाखवली तुम्ही मला. नुसती तोंडानं."

खरंच की हो. माझी सुट्टी सोमवारी आणि सोमवारी लेणी बंद. उरलेले सहा दिवस मी सगळ्या जगाला दाखवत होतो. शाळेची सहल निघाली, तर "लोकांबरोबर अर्धवट बघू नको, मी नीट दाखवीन" म्हणून मीच तिला थांबवलं. फर्दापुरात वाढलेली पोर एकदाही आत गेली नाही, आणि तीच मला समुद्रापलीकडं धबधबा दाखवायला घेऊन आली. मला फार लाज वाटली. तिथंच शब्द दिला की डिसेंबरात येशील तेव्हा पहिल्या लेण्यापासून शेवटच्यापर्यंत मी दाखवीन. ती म्हणाली, "बघू." अगदी माझ्याच आवाजात.

भाभींना सांगा, अंगातला गारठा अजून गेलेला नाही. त्यांच्या हातचा चहा लागेल.

तुमचा,
अजून पुरता न वाळलेला
बद्रीनाथ

ता. क. सोबत त्या धबधब्याचं पोस्टकार्ड पाठवतो आहे. असा दिसतो म्हणे. तुमच्या शेजारच्या रामकिसनला मी फोनवर डोळ्यांनी पाहिला असं सांगितलंय, तेव्हा तो भेटला तर सांभाळून घ्या.

ता. क. २. पत्राचं खरं कारण आता लिहितो. मोनीचं तिकीट निघालं. सासर, नणंदेचं लग्न, सगळं उरकून माझ्या वाट्याला तिनं शेवटचा एक दिवस ठेवलाय. कॅलेंडर बघितलं. सोमवार आहे. तिला सांगायचा मला धीर होत नाही. तुम्ही फोन करून परतीचं तिकीट एक दिवस पुढं ढकलायला सांगा. चाचाचं ती ऐकते. नाही म्हणाली तरी तुम्हाला ऐकू येणार नाहीच. तुम्ही आपलं "हां बेटी, मंगल को मिलते" म्हणून फोन ठेवून द्या.