थेंबगाडीचं अंग

३ ऑक्टोबर १९५६, बुधवार

— त्या सकाळी तांदूळ निवडायचे राहिले होते आणि नळ जायची वेळ झाली होती. दोन हंडे भरले. अंगण झाडलं. चूल धुमसत होती, डोळे चुरचुरत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे, कानावर पेन्सिल. "जरा ऐकतेस का?" मी वर न बघताच म्हटलं, "संध्याकाळी." डबा हातात दिला. हे लालागुड्याला रेल्वेच्या कारखान्यात गेले. संध्याकाळी चार माणसं यांना घेऊन आली. बाकावर बसल्या बसल्याच गेले म्हणे.

दीड वर्ष झालं. काय विचारायचं होतं?

आज एकनाथरावांची ऑर्डर आली. भाषेवारीनं राज्य मोडतंय, कचेऱ्या वाटल्या जातायत, आमचे भाऊजी औरंगाबादच्या वाट्याला! एक नोव्हेंबरला हजर व्हायचं. जेवताना माझ्या जावेला, सावित्रीला म्हणाले, "वहिनी आपल्याबरोबरच येतील. ती गाडी मात्र नाही."

मी तिथंच वाढत होते.

५ ऑक्टोबर

गाडीभोवती तीन चकरा मारल्या. काम काही नव्हतं.

दोन चाकं, पुढून फुगीर, मागं निमुळती — आडव्या थेंबासारखी. आत दोघांपुरतं अंथरूण. मागचं झाकण उचललं की स्टोव्ह ठेवायची फळी. रद्दीवाल्याकडच्या एका इंग्रजी मासिकात यांनी चित्र पाहिलं आणि वेड घेतलं. "शेजारच्या नामदेवरावांच्या जीपला जोडू न् जाऊ." कुठं? "चाकं आहेत, कुठंही!" गल्लीतले हसायचे. अंडागाडी म्हणायचे. मीही हसले आहे.

कमानी झाल्या, वर फळ्या ठोकून झाल्या, तळही झाला. अंग, म्हणजे वरचं आवरण, तेवढं चढायचं राहिलं. दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढले. एका कडेची फळी काळी पडली आहे.

८ ऑक्टोबर

एकनाथरावांनी परस्पर ठरवलं! अंबरपेठेतला कोंबडीवाला पंचवीस तारखेला गाडी नेणार. खुराडं करायला.

दुपारी बरकतपुऱ्याला चतुराबाईंकडं गेले. त्यांना आता दिसत नाही, मी दर आठवड्याला वाचून दाखवते. सगळं सांगितलं. म्हणाल्या, "माझ्या अंगणात लाव की! पण उघडं लाकूड नको गं, वाळवी घरात शिरेल. झाकून आण." मग थांबून, "आणि पुढची खोली रिकामीच आहे. तूपण ये."

म्हणजे सतरा दिवस. कशानं झाकू?

९ ऑक्टोबर

महबूब मिस्त्री आले. यांच्या हाताखाली होते, आता स्वतःचं काम करतात. आल्या आल्या म्हणाले, "पतरा मारो अम्मा. दो दिन का काम." मी म्हटलं, उन्हात तापतो. "तो झाड के नीचे सोव!"

गाडीच्या दाराजवळच्या फळीवर यांचं पेन्सिलीचं लिखाण आहे. अक्षर उर्दू — यांची शाळा तीच. मला येत नाही. इतके दिवस मी त्यावर नुसता हात फिरवायचे. मिस्त्रींना म्हटलं, वाचा बरं. त्यांनी चष्मा पुसला. "तला व चार. मतलब तले का एक, और चार. पाँच पतरे. लेव, साब खुदीच लिख के गए!"

एकनाथरावांनाही विचारलं. बूट घालता घालता वाकून पाहिलं. "तला व चार. बरोबर आहे, पाच पत्रे. पण आता काय उपयोग?"

यांनीच ठरवून ठेवलंय, मग मी कोण? पत्रा तर पत्रा.

११ ऑक्टोबर

तरी चैन पडेना. मिस्त्रींकडून तुकडे मागवून गच्चीवर मांडले. जस्ताचा पत्रा, जर्मलचा म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि फळीवर ताणलेलं किरमिच, तंबूचं जाड कापड, वर जवसाच्या तेलात कालवलेला सफेदा, पांढरा रंग. हे सांगायचे, आगगाडीच्या डब्यांची छपरं अशीच झाकतात.

बाराच्या उन्हात हात लावून पाहिला. जस्त — चटका! जर्मल थोडं बरं. किरमिच नुसतं कोमट. मग तांब्यानं पाणी ओतलं. पत्रा ताशासारखा वाजला. किरमिचावर पाऊस पडतोय हे कळावं एवढाच आवाज.

सावित्री जिन्यात उभी. "वहिनी, पापड वाळत घातलेत का हो?"

१४ ऑक्टोबर, दसरा

यांची हत्यारं पुसली, कुंकू लावलं. पेन्सिलीलाही लावलं.

१६ ऑक्टोबर

मिस्त्रींनी माप घेतलं. पाच पत्रे पुरतच नाहीत! वरून नि बाजूंनी मिळून सात लागतात. आणि तळाला पत्रा कशाला? तळ तर यांनीच फळ्या ठोकून, डांबर लावून पुरा केला होता. मिस्त्री म्हणाले, "साब की गिनती चूक गई हुइंगी."

चुकणार नाही. अर्ध्या सुताचा फरक पडला तरी झोप न लागणारा माणूस!

मग लिहिलंय काय?

१८ ऑक्टोबर

मी मराठी कशी शिकले? पुड्यांच्या कागदांवरून आणि पाट्यांवरून. शिकवायला कुणी नव्हतं. मग हेही येईल. फळीवरची अक्षरं जशीच्या तशी कागदावर उतरवली आणि काचीगुडा स्टेशनवर गेले. तिथल्या पाटीवर एकच नाव चार लिप्यांत. नाव पाठ असलं की अक्षर सापडतं. काचीगुडा — त्यात च मिळाला, तीन टिंबांचा. काना मिळाला, उभी काठी. गु ला उकाराऐवजी वाकडा व. तारघराच्या पाटीवर त आणि र. हमाल म्हणाला, "कौन आने वाले हैं अम्मा?" मी म्हटलं, बघू.

ल राहिला.

२० ऑक्टोबर

लालागुड्यापर्यंत गेले. दीड वर्षात पहिल्यांदा. कारखान्याकडं पाहिलं नाही, फक्त पाटी पाहिली. ल आणि काना अंगाला अंग लावून उभे. मिळाला.

२१ ऑक्टोबर, रविवार

आज लावून पाहिलं. त, ल ला चिकटलेला, काना. मग व. मग चा. मग र. मिस्त्रींनी वाचलं तसंच की! तला व चार. कागद चुरगळून टाकला.

परत उचलला. या लिपीत ऱ्हस्व वेलांट्या लिहीतच नाहीत, मिस्त्रींनीच सांगितलं होतं. वाचणारा आपल्या मनानं घालतो. आणि हे घरात मराठी बोलायचे. हिशेब मराठीत, भांडण मराठीत. पेन्सिल तेवढी उर्दू.

त ला वेलांटी घातली. व ला घातली.

तिला विचार.

माझं नाव यांनी कधी घेतलं नाही. लिहिणार तरी कसं? तिला! गाडीला काय चढवायचं ते.

किती वेळ गाडीच्या पायरीवर बसले ठाऊक नाही. मग एकनाथरावांना बोलावलं. अक्षरावर बोट ठेवून मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी स्वतः दोनदा वाचलं. ओठ हलत होते. "मी उर्दू समजून वाचलं," म्हणाले. "दादांची पेन्सिल पुसली जाईल," म्हणत हात मागं घेतला.

मग म्हणाले, "वहिनी, तुम्हाला यायचंय का आमच्याबरोबर?"

"सकाळी सांगते," म्हटलं. "संध्याकाळी" असं नाही म्हटलं.

२२ ऑक्टोबर, सोमवार

पाणी भरलं. तांदूळ निवडले. एकनाथरावांना सांगितलं, मी गाडीसकट बरकतपुऱ्याला राहते, कोंबडीवाल्याला नाही म्हणून कळवा. बाजारात जाऊन किरमिच आणलं. यांच्या अक्षरांखाली यांच्याच पेन्सिलीनं माझ्या लिपीत लिहिलं — किरमिच. मग मिस्त्रींना म्हटलं, आता झाका.